हातचा राखलेला नियम

त्याला सगळं ऑफिस पट्टी म्हणायचं. तोंडावर काका, पाठीमागे पट्टी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पंधरा सेंटीमीटरची पोलादी पट्टी कायम असायची, आणि ती नुसती मोजायला नव्हती. कोणी कच्चं काम घेऊन आलं की तो ती टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवायचा. टक, टक, टक. तेवढ्यावर चांगल्या तिशी-चाळिशीतल्या माणसांना शाळेतला मास्तर आठवायचा आणि ती कागद उचलून परत जायची. खरं तर एवढ्यावर भागलं असतं, पण पट्टीला तोंडही होतं. "हे तू केलंस की चालता चालता झालं?" हा त्याचा आवडता प्रश्न. असा माणूस कोणाला आवडत नाही, पण लागतो. गेली अठ्ठावीस वर्षं तो लागत होता.

ऑफिसचं काम असं, की हॉस्पिटलातल्या यंत्रांचे स्क्रीन बनवायचे. औषध थेंबाथेंबाने शिरेत सोडणारा पंप, श्वास देणारं यंत्र, नाडी मोजणारं यंत्र. यंत्राचं पोट दुसरीकडे बनायचं, चेहरा इथे. कोणतं बटण कुठे, केवढं, कोणत्या रंगाचं, अक्षर किती मोठं, दोन बटणांमध्ये जागा किती, हे सगळं प्रत्येक स्क्रीनपुरतं एका कागदावर लिहिलं जायचं, सोबत चित्र. त्याला स्पेक म्हणायचे. पट्टीची सही झाल्याशिवाय एकही स्पेक दाराबाहेर जात नसे.

मग सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक टूल. काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या साहेबांनी त्याला एक भारदस्त नाव दिलं होतं, पण पहिल्याच दिवशी त्या टूलने एकवीस स्पेकपैकी एकोणीस परत पाठवले, प्रत्येकावर लाल शेरा मारून, आणि कोणीतरी म्हणालं, "ही तर घरात सासूच आली." नाव चिकटलं ते चिकटलंच. स्पेक आत टाकला की सासूबाई तो जपून ठेवायच्या, कोणी कधी काय बदललं ते जन्मभर लक्षात ठेवायच्या, आणि नियमाला धरून आहे की नाही ते तपासायच्या. असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. लोक सकाळी एकमेकांना विचारायचे, काय, रुसल्यात का आज?

पण सासूबाईंना येताना चार ढोबळ नियमच येत होते; इथले खरे नियम कोण शिकवणार? नियम लिहिलेले कुठेच नव्हते. ते होते पट्टीच्या डोक्यात. म्हणून साहेबांनी प्रोग्रॅम लिहिणारी एक मुलगी घेतली आणि तिला पट्टीसमोर खुर्ची दिली. तिला सगळे नवी म्हणायचे. नवी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम जमलं तर कायम, नाही तर नारळ. रोज सकाळी ती वही उघडून बसायची आणि पट्टी सांगायचा. धोक्याचा रंग एका स्क्रीनवर दोनदा यायचा नाही. आकड्यातलं टिंब आकड्याच्या तिसऱ्या भागाहून लहान नको. 'थांबवा' आणि 'सुरू' या दोन बटणांत नऊ मिलिमीटर जागा हवीच, कारण नर्सच्या हातात मोजे असतात आणि मोज्यातला अंगठा जाडा होतो. असे तीनशे सात नियम झाले. सांगताना पट्टीला मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षांत कोणी त्याला 'का' असं विचारलं नव्हतं. नवी विचारायची, आणि उत्तर ऐकून खरंच लिहून घ्यायची.

पट्टीच्या बायकोला ती आवडली होती. बायको घरी शिवणकाम करायची. नवी एकदा कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला घरी आली आणि दोन तास बसली. जाताना काकूंना सुई ओवता येत नाहीये हे पाहून तिने हात पुढे केला, तर बायको हसून म्हणाली, "राहू दे गं. ते काम ह्यांचं. सत्तावन्न वर्षांचे झाले, पण सुई अजून पहिल्या फटक्यात ओवतात." पट्टीने तिथल्या तिथे ओवून दाखवली. नवीने टाळ्या वाजवल्या.

तर तीनशे सात नियम सांगितले. एक सोडून.

तो एक पट्टीने हातचा राखला. वीस वर्षांपूर्वी औषधाच्या पंपाचं एक लहान मॉडेल आलं होतं. स्पेकवर नऊ लिहिलं होतं, पट्टीने नऊ वाचलं आणि सही केली. पण काच लहान, म्हणून चित्र आक्रसलं होतं. लिहिलेले नऊ काचेवर सातच भरत होते. एका नर्सने थांबवायला म्हणून अंगठा टेकला तो सुरूवर टेकला, आणि एक माणूस गेला. चौकशीत नर्सची चूक निघाली. स्पेक बरोबर होता ना, नऊच होतं ना लिहिलेलं. पट्टीने ते ऐकून घेतलं, घरी जाताना दुकानातून पोलादी पट्टी विकत घेतली, आणि त्या दिवसापासून कोणताही स्पेक पास करण्याआधी तो खऱ्या यंत्राच्या काचेला पट्टी लावून पाहायचा. हे का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

लिहिलेल्यावर जाऊ नकोस, काचेला पट्टी लाव. एवढाच तो नियम. नवीला तो सांगायचं पट्टीच्या अनेकदा ओठांवर आलं होतं. पण एका मंगळवारी तो साहेबांच्या केबिनमध्ये सही आणायला गेला, साहेब फोनवर होते, आणि टेबलावर पुढच्या वर्षीचा बसण्याचा नकाशा पडला होता. प्रत्येक टेबलावर नाव. पट्टीने आपलं टेबल शोधलं. खिडकीजवळचं, डावीकडून दुसरं. तिथे लिहिलं होतं: प्रिंटर.

गरज सरो, वैद्य मरो. पट्टी सही घेऊन परत आला, खुर्चीत बसला, आणि वही उघडून नवी म्हणाली, "काका, तीनशे आठवा?"

"संपले," पट्टी म्हणाला.

आता परीक्षा सुरू झाली. दर शुक्रवारी चाळीस जुन्या स्पेकचा गठ्ठा यायचा. पट्टीने प्रत्येकावर पास की नापास ते लिहायचं, सासूबाईंनी आपलं वेगळं लिहायचं, आणि दोन्ही ताडून बघायचं. लागोपाठ तीन शुक्रवार चाळीसपैकी चाळीस जुळले की सासूबाई गादीवर बसणार, आणि पट्टीच्या टेबलावर प्रिंटर. पहिल्याच शुक्रवारी चाळीसच्या चाळीस जुळले. नवीने आनंदाने उडी मारली नाही एवढंच. पट्टीने मात्र आपल्या टेबलावर प्रिंटर किती जागा घेईल ते मनात मोजलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने दोन चुकवले. गठ्ठ्यातला अकरावा आणि एकोणतिसावा. ह्या दोघांचं जे खरं असेल त्याच्या उलट लिहायचं, बाकी अडतीस इमानाने तपासायचे. अकरा का, तर घराच्या दारावर अकरा नंबर होता. एकोणतीस का, तर एकोणतिसाव्या वर्षी तो इथे नोकरीला लागला होता. मनाला येईल तसे दोन उचलले असते तरी चाललं असतं. उलट तेच शहाणपणाचं होतं. पण नियमाशिवाय पट्टीला खोटंही बोलता येत नव्हतं.

"अडतीस," नवी म्हणाली. "काका, हे दोन का नापास? सगळे नियम पाळलेत."

"नियमात बसतात, पण डोळ्याला खुपतात."

"काय खुपतं?"

"ते कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. तू शोध."

ती शोधू लागली. पुढच्या शुक्रवारी अडतीस, त्याच्या पुढच्या शुक्रवारी अडतीस. नवी नापास झालेले स्पेक भिंतीवर चिकटवायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर डबा हातात धरून उभी राहायची. रंगात काही आहे का, अक्षरांत आहे का, उजवीकडे-डावीकडे आहे का. एकदा तिने चौदा पानं भरून अंदाज लिहून आणले. पट्टीने ती चौदा पानं सावकाश वाचली, खिशातून पट्टी काढली आणि टेबलाच्या कडेवर वाजवली. टक, टक, टक.

"हे तू केलंस की चालता चालता झालं?"

तिने पानं गोळा केली आणि वरच्या पानावर पडलेला थेंब बाहीने टिपला. पट्टीला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्यासमोर दोन चित्रं होती, एक रडणारी मुलगी आणि एक प्रिंटर, आणि प्रिंटरचं चित्र मोठं होतं. शिवाय, त्याने स्वतःची समजूत घातली, पोरगी तरुण आहे, तिला दहा ठिकाणी काम मिळेल. दुसऱ्याच्या पोरांच्या नशिबाचा हिशेब माणूस नेहमी असा उदार हाताने करतो.

शेवटच्या चार शुक्रवारांत नवी गप्प झाली. का खुपतं असं विचारेना. नुसता गठ्ठा आणून ठेवायची आणि घेऊन जायची. पट्टीला वाटलं, हरली.

सहा महिने भरायला आठवडा उरला तेव्हा साहेबांनी पट्टीला केबिनमध्ये बोलावलं. "काका, मनात काही न ठेवता सांगा. टूल अडतीसवर अडकलंय. चूक कोणाची? शिकवणाऱ्याची की शिकणाऱ्याची?"

काचेपलीकडे नवी भिंतीवरचे कागद काढत होती. एक कोपरा फाटला तर तिने तो बोटाने सरळ केला.

"पोरगी कष्टाळू आहे साहेब," पट्टी म्हणाला. "पण तिला कान नाही. सांगितलेलं आत शिरत नाही. आता देवाने दिलं नाही त्याला कोण काय करणार."

साहेबांनी मान हलवली. पुढच्या सोमवारी नवीची खुर्ची रिकामी होती. जाताना ती पट्टीच्या टेबलाशी आली होती. "येते काका," एवढंच म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. पट्टीने ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

दीड महिना बरा गेला. पट्टी परत पूर्वीसारखा सह्या करू लागला, टक टक वाजवू लागला. आणि एका सकाळी साहेबांनी पुन्हा बोलावलं. त्यांच्यासमोर एक छापील तक्ता होता.

"त्या मुलीने जाण्याआधी हा टूलमध्ये ठेवून दिला होता. मी काल पाहिला. बसा काका." त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्याचीच पट्टीला भीती वाटली. "शेवटच्या चार शुक्रवारी तिने तुम्हाला जुनेच स्पेक परत दिले होते. जागा बदलून. तुम्ही नापास केलेला पुढच्या आठवड्यात पास केलात. पास केलेला नापास केलात. एक नाही, आठ वेळा. सासूबाई, सॉरी, टूल एकदाही बदललं नाही. तुम्हीच स्वतःशी जुळत नाही आहात."

पट्टीने तक्ता हातात घेतला. तारीख, गठ्ठ्यातला क्रमांक, स्पेकचं नाव, निकाल. दुसऱ्या रकान्यावर त्याची नजर गेली आणि तिथेच खिळली. जिथे जिथे जुळलं नव्हतं, तिथे क्रमांक होता अकरा. मग एकोणतीस. मग अकरा. मग एकोणतीस. पोरीने सगळं ओळखलं होतं. ओळखून ती कोणाला काही बोलली नव्हती, नुसता रकाना मांडून गेली होती. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

साहेबांनी अजून वाचला नव्हता. त्यांचं बोट निकालाच्या रकान्यावर होतं. ते बोट दोन रकाने डावीकडे सरकलं असतं तर पट्टीचा अठ्ठावीस वर्षांचा कारभार तिथेच आटोपला असता.

"काका," साहेब हळूच म्हणाले, "डोळ्यांचं काही आहे का?"

बुडणाऱ्याला काडी पुरते. पट्टीने तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला. "आहे साहेब. वर्ष झालं. धूसर दिसतं. सांगायला लाज वाटली."

"अहो, मग आधी सांगायचं." साहेब उठून त्याच्या शेजारी येऊन बसले आणि त्याचा हात हातात घेतला. "कागदबिगद काही नको मला. तुमचा शब्द पुरे. आपण तुम्हाला मानाने निरोप देऊ."

तुमचा शब्द पुरे. नवीच्या वेळीही पुरलाच होता.

घरीही त्याने तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार होता? बायकोने ऐकलं, मशीन थांबवलं आणि ती रडली. मग डोळे पुसून तिने सगळी सूत्रं हातात घेतली. जिन्यात त्याचा हात धरू लागली, ताटातलं काय कुठे आहे ते सांगू लागली, आणि त्याच्या नकळत ओळखीतून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन आली. नको नको म्हणत पट्टीने तीन वेळा टाळलं, चौथ्यांदा टाळता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, दिवे मारले, फळ्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली. तो अडखळला, मुद्दाम चुकला. पण दिव्यांशी खोटं बोलता येत नाही. तासाभराने त्या बाई हसत बायकोकडे वळल्या. "ह्या वयात असे डोळे मी फार कमी पाहिलेत. काही झालेलं नाही ह्यांना. ओळ का चुकीची वाचतायत ते मात्र तुम्हीच विचारा." आणि त्यांनी तसं एका कागदावर लिहून दिलं.

रस्त्याने बायकोने तो कागद दोनदा वाचला. घरी आल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "आता सांगा."

त्याने सांगितलं. नकाशा, प्रिंटर, अकरावा, एकोणतिसावा. वीस वर्षांपूर्वीचा तो माणूस आणि हातचा राखलेला नियम तेवढा सांगितला नाही. तो कसा सांगणार? तोच तर आता शेवटचा आधार होता. पट्टीने मनाशी ठरवलं होतं, निरोपाच्या दिवशी पंपाचं नवं मॉडेल समोर येईल, ते पूर्वीहून लहान आहे हे त्याने ऐकलं होतं, सासूबाई लिहिलेलं नऊ वाचून हिरवी खूण देतील, आणि मग तो सगळ्यांसमोर काचेला पट्टी लावेल. धूसर डोळ्यांनीही जे ह्याला कळतं ते टूलला कळत नाही, असं सगळे म्हणतील. साहेब हात जोडून राहा म्हणतील.

"म्हणजे ती पोर," बायको म्हणाली, "तुमच्या खुर्चीसाठी गेली."

"मी काय तिला हाकललं? साहेबांनी..."

"साहेबांना काय सांगितलंत?"

त्याने टेबलावरच्या कागदाचा कोपरा सरळ केला. बायको वाट बघत राहिली.

"कान नाही म्हणालो."

बायको उठली आणि मशीनपाशी गेली. त्या दिवसापासून तिने सुई त्याच्याकडे दिली नाही. दहा-दहा वेळा दोरा चाटून, डोळे बारीक करून स्वतः ओवायची. तो समोर बसून बघायचा, आणि दर वेळी दोरा सुईच्या किती बाजूने गेला ते त्याला स्पष्ट दिसायचं.

एकदा ताट वाढता वाढता ती म्हणाली, "मी फोन केला होता तिला. कपड्यांच्या दुकानात घड्या घालते. स्क्रीनसमोर बसावंसं वाटत नाही म्हणाली." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "तुमचे डोळे कसे आहेत विचारत होती."

"तू काय सांगितलंस?"

"बरे नाहीत म्हटलं. आता एकदा आंधळे झालात ना, मग शेवटपर्यंत निभवा."

निरोपाच्या दिवशी बायको चांगली साडी नेसली, आणि निघताना तिने डॉक्टरीणबाईंचा तो कागद चार घड्या करून आपल्या पर्समध्ये टाकला. पट्टीने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. कितीही झालं तरी बायको आपली आहे. वेळ आली तर कामाला येईल म्हणूनच तिने तो घेतला असणार.

मोठ्या खोलीत सगळं ऑफिस जमलं होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं टक टक ऐकली ते आज त्याच्यासाठी खुर्ची ओढत होते, "काका, पायरी आहे हं," असं लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते. भाषणं झाली. काकांच्या नजरेतून काही सुटायचं नाही, असं प्रत्येकजण म्हणाला आणि म्हणताना आवाज खाली आणला. भेट म्हणून बशीएवढाल्या आकड्यांचं एक घड्याळ मिळालं, कळ दाबली की वेळ बोलून सांगणारं. साहेबांनी ते त्याच्या कानाशी धरून दाबून दाखवलं.

मग नवं मॉडेल टेबलावर आलं. लहानसा, पांढरा, देखणा पंप. शेजारच्या लॅपटॉपवर सासूबाई उघड्या होत्या आणि स्पेकवर हिरवी खूण झळकत होती. तीनशे सातच्या तीनशे सात नियम पाळलेले.

पट्टीने काचेकडे पाहिलं. मोजायची गरजच नव्हती. 'थांबवा' आणि 'सुरू' एकमेकांना चिकटायला आले होते. सात, फार तर सव्वासात. वीस वर्षांपूर्वीची तीच काच जशीच्या तशी परत समोर येऊन बसली होती.

"साहेब," तो म्हणाला, "जागा कमी आहे."

"कसली जागा काका?"

"दोन बटणांतली. नऊ नाहीये ती. सात आहे."

कोणीतरी प्रेमाने हसलं. साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "नऊच आहे काका. हे बघा... म्हणजे, मी वाचतो. नऊ."

"लिहिलंय नऊ. काचेवर नाही. मोजून बघा. माझी पट्टी द्या, माझी पट्टी कुठे आहे?" त्याने खिसा चाचपला. सकाळीच कोणीतरी ती मागून नेली होती.

"तेच तर आता सांगणार होतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी टेबलाखालून एक चौकट काढली. काळ्या मखमलीवर पोलादी पट्टी, वर काच, चारी बाजूंनी खिळे ठोकलेले. खाली लिहिलं होतं: अठ्ठावीस वर्षं अचूक. टाळ्या थांबेनात.

पट्टीने चौकटीचे खिळे नखाने उचकून पाहिले, हलेनात. त्याने बायकोकडे पाहिलं. ती शेजारीच बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. "अगं, तो कागद," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "तो कागद दाखव त्यांना. मला दिसतंय. खरंच कमी आहे गं जागा."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग तीही तशीच पुटपुटली, "आज कितवा नंबर काढलात? अकरावा की एकोणतिसावा?"

"नाही गं. आईशप्पथ. हे खरं आहे."

"त्या पोरीने चौदा पानं लिहून आणली होती. ती पण खरी होती."

आणि ती साहेबांकडे वळली. चेहऱ्यावर बाईमाणसाचं ते ओशाळं हसू होतं, जे घरच्या आजारी माणसाबद्दल बोलताना येतं. "मनावर घेऊ नका हो. त्यांना आता दिसत नाही. घरी पण असंच करतात, बसल्या बसल्या काहीतरी खुपतं त्यांना."

"समजतं हो काकू," साहेब म्हणाले. सगळ्यांना समजत होतं.

पट्टीला उभं राहून ओरडता आलं असतं. माझे डोळे शाबूत आहेत, मी खोटं बोललो, पोरीला मी घालवलं, हा पंप बाहेर सोडू नका. एवढी चार वाक्यं. ती त्याच्या जिभेवर आली होती. पण समोर साठ माणसं होती, 'अचूक' असं लिहिलेली चौकट होती, आणि त्यातलं पहिलं वाक्य बोललं की बाकीची तीन बोलावी लागणार होती. तो बसूनच राहिला.

"एक शेवटचं काम काका," साहेब म्हणाले. "ह्या स्पेकला कुलूप तुमच्या हाताने लागावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. कुलूप लागलं की तो कारखान्यात गेला, मग त्यात कोणालाच बदल करता येत नाही. आणि पास करणारा म्हणून सासूबाईंकडे कायमचं तुमचं नाव राहील."

लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला गेला. पट्टीचा हात मांडीवरच राहिला.

"कळ दिसत नसेल त्यांना," कोणीतरी म्हणालं.

बायकोने त्याचा उजवा हात उचलला. जिन्यात धरायची तसाच, अलगद. त्याची तर्जनी सरळ केली आणि त्या कळेवर नेऊन टेकवली. त्याने हात मागे घेतला नाही. तिनेही दाबलं नाही, नुसतं बोट धरून ठेवलं आणि सगळ्यांबरोबर वाट बघत राहिली.

कळ त्यानेच दाबली. हिरव्या खुणेखाली त्याचं नाव उमटलं, पूर्ण नाव, ठळक अक्षरांत, आणि पुढे तारीख. अक्षराचा आकार नियमाप्रमाणे होता. त्याने तेही बरोबर आहे का ते पाहिलं.